दोन पत्रके आणि इर्शाळचे नेढे

समीक्षेसाठी हाती पुस्तकच असावे लागते असा एक समज आहे. आम्हीही आजवर या पानांतून कवितासंग्रह, चरित्रे आणि क्वचित नाट्यप्रयोग यांविषयीच लिहीत आलो. या खेपेस मात्र आमच्यापुढे दोन पत्रके आहेत. दोन्ही एकाच आकाराची, एकाच प्रसंगासाठी तयार झालेली आणि एकाच संध्याकाळी आमच्या टेबलावर आलेली. त्यांपैकी एक निघाले, दुसरे निघाले नाही. हा निवाडा आम्ही केला. तो योग्य होता की आमच्या वयाचा हट्ट होता, हे एकदा नीट पडताळून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकूर समाजाची. वर जायला पायवाटच होती, त्यामुळे मोठी यंत्रे चढविता आली नाहीत; फावडी-कुदळींनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह हाती आले. ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. त्या वाडीतील माणसे आमच्या धर्मग्रामातील नव्हती, पण शेजारची होती. २०२५ च्या जुलैत, दुसऱ्या स्मृतिदिनाला जोडून येणाऱ्या रविवारी, मिस्सेनंतर त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि आसपासच्या वाड्यांतील मंडळींनाही बोलवावे असे पॅरिश कौन्सिलमध्ये ठरले. त्यासाठी एक पत्रक हवे होते.

काम दोघांनी मागून घेतले. एक आमच्या युवक मंडळातील मुलगा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला. त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका चित्रयंत्राला दोन-चार वाक्यांत प्रसंग समजावून सांगितला आणि आमचा चहा निवण्याच्या आत चित्र तयार करून दाखविले. दुसरी खोपोलीला फ्लेक्सच्या एका दुकानात संगणकावर बसणारी मुलगी. तिने कोरल ड्रॉमध्ये, दुकान बंद झाल्यावर, दोन रात्री बसून आपले पत्रक जुळविले. दोघेही गुणी, दोघेही सेवाभावाने आलेले. म्हणून निवड करणे अधिकच अवघड झाले.

पहिले पत्रक देखणे आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. धुक्यातून वर आलेला काळसर डोंगर, उतरणीवर एक कौलारू घर, दारात लुगडे नेसलेली एक स्त्री, तिच्या कुशीत मूल, आणि ढग फाकून त्या दोघांवर उतरलेला प्रकाश. रंग संयत आहेत. नजर प्रथम प्रकाशाकडे, मग चेहऱ्याकडे, मग मुलाकडे जाते. कोठे अडखळत नाही. बाईच्या मानेचा झोक पाहून आम्हांला काहीतरी ओळखीचे वाटले, आणि थोड्या वेळाने उमगले की हा झोक रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरातील मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’च्या घराण्यातला आहे. यंत्राने तो मुद्दाम उचलला असे नाही. दुःखी माता म्हटल्यावर जगातील चित्रांत मान जशी कललेली असते, तशी ती येथेही कलली. सौंदर्य होते, पण ते उसने होते. आणि कोणाकडून उसने घेतले याची नोंद कोठेही नव्हती.

दुसरे पत्रक कलादृष्ट्या दुबळे आहे. वर इर्शाळगडाचे छायाचित्र. ते कोण्या गिर्यारोहक मित्राकडून तिने मागून आणलेले आणि उन्हाळ्यात घेतलेले, कारण जुलैत गड ढगांत असतो, दिसतच नाही. मजकूर फार. अक्षरे पिवळी आणि त्यांना लाल कड, जणू कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक. एका कोपऱ्यात तयार चित्रांच्या संग्रहातून घेतलेली मेणबत्ती, तिच्याशेजारी लिलीची फुले. ती फुले आमच्याकडे फुलत नाहीत, हे आम्ही तिला सांगितले. “फादर, सगळ्या श्रद्धांजलीला तीच टाकतात,” ती म्हणाली. म्हणजे उसनेपण इकडेही होतेच. डिझाइनची साधने हाती घेतली की मनुष्य आपोआप अस्सल होतो, असे मानण्याचे कारण नाही. नाताळात आमच्या बाजारपेठेतून फेरफटका मारावा: तयार साच्यांतले तेच हिमवर्षाव, तेच देवदार वृक्ष, आणि ते लावणारा माणूस डिसेंबरातही दुपारी घाम पुसत असतो.

निवडीचे कारण कलागुण नव्हते, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानी आले असेल. ते कारण आम्हांला सुचलेही नाही. ते एका माणसाने सुचविले. चर्चच्या आवारातील झाडांचे काम पाहणारे एक ठाकूर गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नीचे काही नातलग इर्शाळवाडीत होते. दोन्ही कागद टेबलावर पसरलेले असताना ते किल्ल्या द्यायला आत आले आणि पहिल्या पत्रकापाशी थबकले. कागद हातात घेऊन, दिव्याखाली धरून, त्यांनी त्या स्त्रीचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, “फादर, ही बाई कोणाची?”

कोणाची म्हणजे कोणाच्या घरची, कोणाची लेक, कोणाची सून. वाडीत माणसाची ओळख अशीच विचारली जाते. ते त्या चेहऱ्यात आपल्या माणसाला शोधत होते. ती कोणाचीच नाही, यंत्राने तयार केलेली आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलावली, कागद खाली ठेवला आणि एवढेच म्हणाले, “डोंगर बी आपला नाय.”

आम्ही सेमिनरीत असताना प्रतिमांविषयीचा वाद शिकलो होतो. आठव्या शतकात पूर्वेकडील ख्रिस्तसभेत प्रतिमा फोडण्याची लाट आली, संत योहान दमास्कस यांनी प्रतिमांची बाजू मांडली, आणि ७८७ साली निकेया येथे भरलेल्या महासभेने निर्णय दिला. त्या निर्णयाचा आधार संत बाझिल यांचे एक जुने सूत्र होते: प्रतिमेला दिलेला मान तिच्यातून पार होऊन मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. परीक्षेसाठी पाठ केलेले हे सूत्र आम्हांला इतक्या वर्षांत कधी फारसे टोचले नव्हते. त्या संध्याकाळी टोचले. प्रतिमेचे सारे समर्थन तिला मूळ असते या एका गोष्टीवर उभे आहे. समोरच्या चित्रातील स्त्रीपुढे हात जोडले तर तो नमस्कार कोणापर्यंत जाईल?

हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी घरोघरी भलत्याच कल्पना आहेत. त्याच्याजवळ चित्रांची पेटी नसते की जीतून ते तुकडे काढून चिकटवील. त्याला आधी कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचे मजकूर दाखवून शिकविलेले असते. पूर्वी दूरदर्शनचे प्रक्षेपण संपल्यावर पडद्यावर मुंग्या दिसत, तशा ठिपक्यांच्या पसाऱ्यापासून यांतली बरीचशी यंत्रे सुरुवात करतात आणि आपण दिलेल्या शब्दांशी जुळेल अशा रीतीने टप्प्याटप्प्याने तो पसारा निवळत नेतात. इर्शाळवाडीची छायाचित्रे त्या शिक्षणात असतीलही. पण ती जगभरच्या डोंगरांत, दरडींत आणि मातांत विरघळलेली. ‘डोंगराखालची दुःखी आई’ या शब्दांना जगाकडून जे सर्वसाधारण उत्तर मिळते ते यंत्र आपल्यापुढे ठेवते. सर्वसाधारण आईचे मूल मात्र कधी दरडीखाली गेलेले नसते.

मुलाने चूक मान्य केली आणि दुरुस्तीला बसला. डोंगर बदल, असे त्याने यंत्राला सांगितले. डोंगर बदलला, पण त्याबरोबर बाईही बदलली. आता ती वयाने मोठी झाली होती आणि तिच्या कुशीतले मूल नाहीसे झाले होते. त्याने पुन्हा सांगितले. मूल परत आले, पण ते दुसरेच होते. आम्ही तिघेही गप्प बसलो. या यंत्रांच्या नव्या आवृत्त्या चित्राचा नेमका भाग तेवढा बदलू शकतात, हे तो मुलगा नंतर आम्हांला दाखवून गेला, आणि ते खरे आहे. तरी बेपत्ता माणसांच्या स्मरणपत्रिकेत एक मूल येते-जाते, हे दृश्य आमच्या मनातून जाईना.

दुसऱ्या पत्रकात चुका याहून अधिक होत्या. ‘इर्शाळ’मधला रफार भलत्याच अक्षरावर चढला होता, प्रार्थनेची वेळ चुकली होती, आणि बेपत्ता व्यक्तींचा आकडा मृतांच्या आकड्यात मिसळला होता. ही शेवटची चूक गंभीर. पण तिच्या साधनात प्रत्येक वस्तू आपापल्या थरावर बसलेली: छायाचित्र एका थरावर, अक्षरे दुसऱ्या, मेणबत्ती तिसऱ्या. एकाला हात लावला तरी दुसरे जागचे हलत नाही. तिने आकडे वेगळे केले, रफार सरकवला, मेणबत्ती आणि लिली उचलून बाजूला टाकली, लाल कड काढली. मुख्य म्हणजे, आकडा कोठून घेतलास असे विचारताच तिला उत्तर देता आले. चुकीला धनी होता. आमच्या मते निवडीचा प्रश्न येथे येऊन थांबतो. यंत्र की हात, असा तो नाहीच. तिच्याही हाती यंत्रच होते. चित्रातील प्रत्येक गोष्ट कोठून आली हे विचारले असता उत्तर देणारे कोणी आहे काय, एवढेच पाहायचे.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्हीच आमच्यावर घेऊन पाहिला. प्रत्येक नव्या यंत्राला जुन्या माणसांनी नावे ठेवलीच आहेत. कर्जतला गाडीला मागून इंजिने लागतात, घाट चढून लोणावळा येते आणि त्यापुढचे स्थानक मळवली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे या मळवलीस हलविला गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात गेल्या. बाजारी छापचित्रे म्हणून त्यांची हेटाळणी झालीच. आमच्या घरांतली येशूच्या पवित्र हृदयाची चित्रेही परदेशी छापखान्यांतली. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा तो ख्रिस्त आमच्या आजीला परका वाटला नाही, ती त्याच्यापुढे रोज मेणबत्ती लावी. मग आजच्या यंत्राने काय पाप केले?

या आक्षेपात तथ्य आहे. परंतु मळवलीचे चित्र छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि त्या दगडांच्या मागे एका माणसाने काढलेले एक मूळ चित्र असे. साखळी लांब होती, तुटलेली नव्हती. सोनेरी केसांच्या ख्रिस्ताशी भांडता येत होते, आणि कोणीतरी भांडलेही. गोव्यात सांत इस्तेव येथे १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी पवित्र मरियेला लुगडे-साडी नेसविली, तिला येथील अंगणात बसविले. गोव्यातील आपल्याच लोकांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि १९६७ साली निधन होईपर्यंत चित्रे काढीत राहिले. त्यांची मरिया ऐतिहासिक नाझरेथची नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि पाहणाऱ्यालाही. पण साडीचा पदर खांद्यावरून कसा पडतो हे त्यांनी जिवंत माणसे पाहून काढले, आणि का काढले हे ते सांगू शकत होते. आज त्यांच्यावर टीका करायची असेल तर करता येते. तिथे टीका घ्यायला एक माणूस आहे.

कल्पनेने केलेले सारेच खोटे, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याच परिसरात, कर्जत-चौक भागात, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओ आहे. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही तो पाहिला. दगडी बुरुजावर एका मुलाने टकटक केले, तो पोकळ निघाला, आणि मुले हसली. तो बुरुज खोटाच होता. पण कोणत्या गडाच्या बुरुजावरून तो बेतला, हे तेथील सुतार आणि रंगारी जाणत असणार. नाटकाचे नाटकपण उघड असते. टकटक केली की कळते.

उलट जे टकटक करूनही कळत नाही त्याचे काय? मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील चित्र जगभर फिरले. आमच्या भाविकांपैकी कित्येकांनी ते कौतुकाने एकमेकांना पाठविले. ते यंत्राने केलेले होते. पुढे २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात, अशा खोट्या चित्रांविषयी लिहिताना, आपणही त्यांचा विषय झालो होतो असे पोपमहोदयांनी नमूद केले. तेथे निदान मूळ व्यक्ती हयात होती, तिला बोलता येत होते. इर्शाळवाडीच्या ५७ जणांना आमच्या पत्रकाविषयी काही सांगता येणार नव्हते.

असो. चित्रयंत्राला दार बंद करावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमच्या धर्मभगिनी वाडीवरच्या मुलांना योनाची गोष्ट सांगतात. माशाच्या पोटातील अंधार यंत्राने दाखविला तर बिघडत नाही, तो कोणी पाहिलेलाच नाही. प्रकटीकरणाच्या ग्रंथातील सात डोक्यांचा अजगर तर यंत्राला अगदी साजतो. जेथे साक्षीदार नाही, जेथे कोणा जित्या वा मृत माणसाची जागा घेतली जात नाही, तेथे या साधनाने गरीब शाळेचे काम फुकटात होते, आणि फुकटाला आमच्याकडे मोल आहे. मात्र ‘आदिवासी’ असा शब्द दिला की यंत्र पांढऱ्या रेषांची वारली माणसे काढून देते. वारली चित्रे डहाणू-तलासरी-जव्हारकडची. आमचे कातकरी आणि ठाकूर त्या नावाखाली कसे खपवावेत? येथे आम्ही यंत्रालाच दोष देणार होतो, पण फ्लेक्सच्या दुकानांतूनही तेच चालते, आणि आमच्या स्वतःच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही तेच होते. ते आम्हीच पसंत केले होते.

अक्षरांविषयी थोडे. मुलाने मजकूरही चित्रातच यंत्राकडून लिहवून घेतला होता आणि वाडीच्या नावाची अक्षरे एकमेकांत अडकली होती. ही यंत्रे आता देवनागरी पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी काढतात. तरी अशा चित्रातले अक्षर हे अक्षर नसते, अक्षराचे चित्र असते. डिझाइनच्या साधनात आपण टंक निवडतो, आणि टंकामागे माणूस असतो. संगणकावर ‘मंगल’ नावाचा जो देवनागरी टंक असतो तो र. कृ. जोशी यांच्या हातचा. या बाबतीत आम्ही ख्रिस्ती मराठी माणसे थोडी हळवी आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. देवनागरीत छापलेली प्रत १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली पुण्याहून निघाली. मधली ३४० वर्षे मोजली की रफार जागेवर हवा असा आग्रह धरणे फाजील वाटत नाही.

आता निवडीचा प्रश्न दोन दुकानांमधला राहिलेला नाही, हेही त्या मुलीनेच सांगितले. फोटोशॉप, कॅनव्हा यांसारख्या डिझाइनच्या साधनांतच आता चित्र निर्माण करण्याची सोय येऊन बसली आहे. एका कळीवर थर सरकतात, शेजारच्या कळीवर नसलेला डोंगर उगवतो. दुकानात गिऱ्हाईक उभे असते, त्याला दहा मिनिटांत फलक हवा असतो, मालक घड्याळाकडे पाहतो. “फादर, तुम्ही दोन रात्री थांबलात, गिऱ्हाईक थांबत नाही,” ती म्हणाली. तिच्या या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. निकेयाच्या महासभेचा दाखला देऊन तिचा पगार वाचत नाही. धर्मग्रामाची लग्नपत्रिका, सणाचा फलक, स्मरणिका ही कामे यापुढे मोबदला देऊन तिच्यासारख्यांकडे द्यावीत, असा प्रस्ताव आम्ही कौन्सिलपुढे ठेवला आहे. तो अद्याप मंजूर झालेला नाही. खजिनदारांचे म्हणणे, फुकट होत असताना पैसे का मोजावेत.

दुसरे पत्रक आम्ही काढले. रंगीत छपाई परवडली नाही. कार्यालयातील झेरॉक्सवर दोनशे प्रती काढल्या. गडाचे छायाचित्र काळेभोर आले. ज्या बाजूने नेढे दिसते त्या बाजूने तो फोटो मुद्दाम मिळविला होता, आणि शाईत नेमके तेच बुजले. प्रार्थनेला वाड्यांवरून पंधरा-वीस माणसे आली. आवणी चालू होती, पाऊस होता, त्या मानाने बरीच. ते झाडांचे काम पाहणारे गृहस्थ पत्नीसह मागच्या बाकावर बसले होते. प्रार्थना संपल्यावर त्या बाईंनी पत्रकातील काळ्या डागाकडे पाहिले आणि पतीला काही विचारले. त्यांनी पत्रक मांडीवर पसरले, गडाच्या माथ्याजवळ अंगठ्याचे नख रुतवून कागदाला बारीक भोक पाडले, आणि तेथून बोट खाली आणीत कोणाचे घर कोठे होते ते तिला दाखवू लागले.